टेप लावण्याआधी गल्ली चालून बघणारे पॅट्रिक गेडिस

जोयडा : २ ऑक्टोबर म्हटलं की गांधी जयंती. शाळांमधून झाडू बाहेर निघतात, पंचायतीत फोटोला हार पडतो. याच तारखेला जन्मलेल्या आणखी एका माणसाचा आपल्या गल्लीबोळांशी जवळचा संबंध आहे, पण त्यांचं नाव इकडे फारसं कुणी घेत नाही. हे सर पॅट्रिक गेडिस. जन्म १८५४ चा, म्हणजे गांधीजींपेक्षा १५ वर्षांनी मोठे. स्कॉटलंडचा हा माणूस वयाच्या साठाव्या वर्षी भारतात आला आणि पुढची दहा वर्षं इथल्या दाट वस्त्यांतून पायी फिरला. गर्दीच्या गावात रस्ता किती रुंद हवा, या प्रश्नावर त्यांनी इंजिनिअर लोकांशी सतत वाद घातला.

हा वाद आजही जुना झालेला नाही. बेळगाव घ्या, हल्याळ घ्या, कारवार घ्या. गल्लीत टेप घेऊन माणसं आली आणि भिंतीवर लाल रंगाची खूण पडली की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. जोयडा तालुक्यात जंगल जास्त आणि शहर नाहीच म्हटलं तरी चालेल. तरी बाजार, दवाखाना, कॉलेज यासाठी इथली माणसं त्याच शहरांत जातात. मुलं तिथल्याच गल्ल्यांत भाड्याच्या खोलीत राहतात. शिवाय नकाशावरची रेघ घरावरून गेली की काय होतं, हे धरणात गाव गेलेल्या सुप्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

डोळे गेले, दिशा बदलली

गेडिस मूळचे शहररचनाकार नव्हतेच. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ गावात, टेकडी आणि बाग यांच्या संगतीत गेलं. लंडनला जाऊन त्यांनी थॉमस हक्सले या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक जीव बघायचे, हेच आयुष्य ठरलेलं होतं. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहावं लागलं. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाला तासन्‌तास डोळा लावणं पुढे जमण्यासारखं राहिलं नाही.

मग त्यांनी नजर मोठ्या गोष्टींकडे वळवली. झाड आणि माती यांचं जसं नातं असतं, तसंच माणूस, त्याचं काम आणि त्याची जागा यांचं असतं, हा विचार तिथून पक्का होत गेला. पुढे १८८८ पासून ते डंडी इथं वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्षाचा थोडाच काळ शिकवायचं आणि उरलेला वेळ आपल्या आवडीच्या कामाला द्यायचा, अशी त्यांची सोय होती.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. नवरा-बायकोनं एडिंबरोच्या चांगल्या भागात घर घेण्याऐवजी जुन्या गावातल्या जेम्स कोर्ट या गलिच्छ वाड्यात बिऱ्हाड केलं. एकेका खोलीत अख्खं कुटुंब, अंधारे जिने, सांडपाणी बाहेर, अशी ती वस्ती. तिथं त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना लावला, मोडक्या खोल्या दुरुस्त केल्या, रिकाम्या कोपऱ्यात बागा केल्या. अगदीच पडायला आलेलं घर तेवढं काढलं आणि त्या जागेतून शेजारच्या घरांना उजेड दिला. अख्खी वस्ती न पाडता वस्ती सुधारता येते, हे त्यांनी आधी स्वतः तिथं राहून बघितलं. पुस्तकं आणि अहवाल त्यानंतर आले.

रुंदीचा आकडा आला कुठून?

त्या काळात रस्त्याच्या रुंदीचा आकडा ठरवणाऱ्यांना दोष देणंही सोपं नाही. इंग्लंडमध्ये कारखान्यांच्या गावांत कॉलरा आणि क्षय यांनी माणसं मरत होती. उजेड आणि वारा घरात यावा म्हणून १८७० च्या दशकात नमुना नियम झाले आणि गाडीरस्ता निदान ३६ फूट हवा असं त्यात आलं. हेतू चांगला होता.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे मोठे रस्ते काढले. समुद्रावरचा वारा गावात खेळावा, हा उद्देश. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनी पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. साध्या भाषेत सांगायचं तर इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा समोर मोकळी हवी. ४० फूट उंच चाळ असेल तर समोर २० फूट. खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आकाश दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

पण जमेच्या बाजूला उजेड आणि वारा मांडताना खर्चाच्या बाजूला काय लिहायचं, हे राहून गेलं. सुरुवातीच्या वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या, तेवढ्या बांधल्या गेल्या नाहीत. उठवलेली माणसं गाव सोडून गेली नाहीत, कारण काम तिथंच होतं. ती शेजारच्या चाळींत घुसली आणि तिथं एका खोलीत आठ होते ते बारा झाले. एका गल्लीतली गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली, हिशेबात मात्र सुधारणा दिसली. गेडिस यांचं भांडण नेमकं इथं होतं.

जहाज बुडालं, माणूस थांबला नाही

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडिस यांना त्यांचं शहरांविषयीचं प्रदर्शन घेऊन बोलावलं. जगभरच्या शहरांचे नकाशे, चित्रं, आराखडे असा वर्षानुवर्षं जमवलेला तो साठा होता. गेडिस आणि त्यांचा मोठा मुलगा अ‍ॅलिस्डेअर वेगळ्या जहाजानं आले. सामानाचं जहाज मात्र एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं.

दुसरा कुणी असता तर परत गेला असता. गेडिस यांच्या मित्रांनी तिकडे घाईघाईनं दुसरा संच जमवून पाठवला आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडलं. तोवर गेडिस यांनी गावं बघायला सुरुवात केली होती.

१९१५ हे वर्ष महत्त्वाचं. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला. आपला कारवार जिल्हाही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. गेडिस यांनी त्या वर्षी इलाख्यातल्या ठाणे, वांद्रे, सुरत, अहमदाबाद अशा गावांवर अहवाल लिहिले. पुढच्या काही वर्षांत बडोदा, नागपूर, लाहोर, इंदूर धरून सुमारे ५० गावं आणि शहरं त्यांनी पायाखाली घातली.

गल्लीत नेमकं काय बघायचं?

त्यांची पद्धत साधी होती. ऑफिसात नकाशा पसरून पट्टीनं रेघ मारायची नाही. पहाटे उठायचं, गावात जायचं आणि चालायचं. पाणी कुठून भरतात, बायका कुठं बसतात, देऊळ कुठं, विहीर कुठं, कुठलं घर पडायला आलंय, कुठली जागा वर्षानुवर्षं उकिरडा झालीय, गाडी कुठपर्यंत येते आणि कुठून पुढे फक्त माणसं जातात. दाढीवाला गोरा म्हातारा बोळातून फिरतोय म्हटल्यावर लोक चमकून बघायचे.

एवढं बघून झालं की मग उपाय. पडकं घर काढा, त्या जागी छोटा चौक करा, एक झाड लावा. दोन बोळ जिथं भिंतीला अडून थांबतात, तिथं तेवढीच भिंत काढून ते जोडा. उकिरड्याची बाग करा. तळं बुजवू नका, साफ करा. शस्त्रक्रिया करायची, पण जेवढा भाग सडलाय तेवढाच कापायचा, असं या पद्धतीचं सूत्र होतं.

तंजावरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. व्यंकोजी भोसल्यांच्या घराण्यानं राज्य केलेलं हे गाव. तिथल्या किल्ल्यातल्या वस्तीतून सरळ, काटकोनात रस्ते काढायचा नगरपालिकेचा बेत होता. गेडिस यांनी गल्ली-गल्ली बघून दुसरा आराखडा दिला. त्यात फार थोडी घरं जात होती, जुने बोळ मोकळे होत होते आणि खर्च सहाव्या हिश्शाच्या आसपास येत होता.

हा फरक का पडतो, ते साध्या गणितानं कळतं. समजा ३०० फूट लांबीची एक गल्ली आहे, रुंदी १२ फूट. ती ४० फूट करायची ठरली तर २८ फुटांचा पट्टा लागतो. ३०० गुणिले २८ म्हणजे ८,४०० चौरस फूट, म्हणजे जवळपास पावणेआठ गुंठे. जुन्या गावात अर्धा-पाऊण गुंठ्यावर एक घर असतं. दहा-पंधरा कुटुंबांचा निवारा एका आकड्यात जातो. आता त्याच गल्लीतली चार पडकी घरं काढली आणि तिथं गाडी वळायला चौक केला, तर गाडीही येते, उजेडही येतो आणि बाकीचे लोक जागेवर राहतात.

गेडिस यांचा आणखी एक मुद्दा होता. घरांच्या मधला रस्ता गरजेपेक्षा रुंद केला की तो तापतो, धूळ उडते आणि खडी-डांबराचा खर्च कायमचा मागे लागतो. आपल्या हवेत अरुंद बोळाला सावली असते. मोठ्या रहदारीचा रस्ता रुंद हवा, यात वादच नाही. पण ज्या बोळात दिवसाला दोन गाड्या येतात, त्याला हमरस्त्याचं माप कशासाठी? वाचलेली जागा घराच्या अंगणाला किंवा पोरांच्या खेळायला द्या, असं ते सांगत.

एकाच वर्षात दोन घाव

१९१७ साल गेडिस यांच्या घरावर कोसळलं. एप्रिलमध्ये अ‍ॅलिस्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. प्रदर्शनाच्या कामात वडिलांचा उजवा हात असलेला मुलगा. त्या वेळी अ‍ॅना भारतातच होत्या आणि तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा गेल्याची बातमी गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही. मुलाची आधी आलेली पत्रं ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये कलकत्त्यात अ‍ॅना गेल्या. घर मोडलं, काम तेवढं उरलं.

त्याच वर्षाअखेर ते इंदूरला होते. होळकरांचं संस्थान, दरबारात आणि गावात मराठी माणूस मोठ्या संख्येनं. गादीवर तुकोजीराव होळकर तिसरे. गावात प्लेग आणि मलेरिया. गेडिस गल्लीत फिरायला गेले की लोक घाबरून, रागानं बघत. कारण तोवर नकाशावाला साहेब आला म्हणजे घर पाडायला आला, हाच अनुभव होता.

गेडिस यांनी यावर एक युक्ती केली. दरबाराकडून एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हातात घेतली. दवंडी पिटली गेली. मिरवणूक यंदा ठरलेल्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या गल्लीतली जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त असतील, त्या गल्लीतून जाईल.

मग काय, आठवडाभरात गावाचं रूप पालटू लागलं. प्रत्येक गल्लीला मिरवणूक आपल्या दारावरून न्यायची होती. हजारो गाड्या कचरा बाहेर गेला, भिंतींना चुना लागला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, पिकांच्या गाड्या होत्या. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता. त्यांच्यामागून आले गावातले सफाई कामगार, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घालून. ज्यांची सावली टाळली जायची, ते त्या दिवशी मानकरी म्हणून गावाच्या मधोमध चालले. शेवटी नगराची लक्ष्मी, तिच्याजवळ नव्या इंदूरचा नकाशा. राक्षस आणि उंदीर जाळले गेले. लोकांना तुळशीची रोपं वाटली.

पुढे प्लेग ओसरला. त्यात हवामानाचा भाग किती आणि सफाईचा किती, हे वेगळं करता येणार नाही. एक मात्र झालं. गेडिस रस्त्यात दिसले की लोक आता हसून नमस्कार करू लागले. गल्ली सुधारायला जेसीबीच लागतो असं नाही, गल्लीवाल्यांनी मनावर घेतलं तर बरंच होतं, हे इंदूरनं दाखवलं. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा दोन भागांचा अहवाल निघाला. शहररचनेच्या अभ्यासात तो आजही वाचला जातो.

मुंबईत मास्तर, मालवणचा विद्यार्थी

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठानं समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि गेडिस यांना त्याचं प्रमुखपद दिलं. जगदीशचंद्र बोस यांचं चरित्रही त्यांनी याच काळात लिहिलं. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला त्यांनी हेरलं आणि त्यांच्या शिफारशीवरून घुर्ये विलायतेला शिकायला गेले. तेच पुढे विभागाचे प्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली.

गेडिस यांच्यात दोष नव्हते असं नाही. बोलायला लागले की थांबत नसत आणि दाढीतल्या दाढीत पुटपुटत. लिहिणंही पाल्हाळिक. इंजिनिअर लोकांना ते भर सभेत सुनावत, त्यामुळे शत्रू भरपूर. मुख्य म्हणजे त्यांचे बरेचसे अहवाल कपाटातच राहिले. साहेबाला नकाशावर सरळ रेघ आवडते, दर गल्लीला वेगळा हिशेब मांडायचा म्हणजे काम वाढतं.

तब्येत बिघडल्यानं १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथं राहायला गेले. १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी केला. त्यात मोठ्या रहदारीचे रस्ते रुंद ठेवले, घरांच्या आतल्या गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या आणि मध्ये छोट्या बागा दिल्या. हा आराखडा मात्र कागदावर राहिला नाही. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. आधी एकदा तो त्यांनी नाकारला होता. त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए इथंच त्यांचं निधन झालं.

आजचा हिशेब

आज आपल्याकडे रुंदीचे आकडे ठरलेले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७७ च्या मापदंडात शहरातल्या मुख्य रस्त्याला ५० ते ६० मीटर, त्याखालच्याला ३० ते ४०, वस्तीला जोडणाऱ्याला २० ते ३० आणि वस्तीतल्या रस्त्याला १० ते २० मीटर जागा धरली होती. कर्नाटकात १९६१ च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली विकास आराखडे होतात. रस्त्यासाठी जागा सोडली तर रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क, देण्याची सोयही आहे.

नव्या लेआउटला हे आकडे हवेतच. तिथं आधी रस्ता आणि मग घर. पण शंभर-दीडशे वर्षं जुन्या गल्लीत १० मीटर म्हणजे ३३ फूट काढायचे तर कुणाचं तरी माजघर जातं. अर्ध्या गुंठ्याच्या मालकाला टीडीआरचा कागद घेऊन करायचं काय, हा प्रश्न उरतो. भाडेकरूला तर तोही कागद मिळत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. आग लागली तर बंब आत गेला पाहिजे, बाळंतिणीला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स दारापर्यंत यायला हवी. गेडिस यांच्या काळात बैलगाड्या होत्या, आता दर दारात दोन मोटरसायकली आहेत. म्हणून काहीच करू नका, असं गेडिससुद्धा म्हणाले नसते. बंब कुठपर्यंत पोचतो, कुठं अडतो, अडतो तिथं घर आडवं आहे की कट्टा, की फक्त लावून ठेवलेल्या गाड्या, हे त्यांनी आधी बघितलं असतं. कितीदा तरी गल्ली १५ फुटांची असते आणि पार्किंगनं ७ फुटांची झालेली असते. तिथं घर पाडून काय होणार?

सुपा धरणात जुनं सुपा गेलं, तालुक्याचा कारभार जोयड्याला आला आणि उठलेल्या लोकांसाठी रामनगरला वसाहत झाली. धरणापुढे पर्याय नव्हता, असं सांगितलं गेलं. गल्लीच्या बाबतीत पर्याय बहुतेक वेळा असतो. तो नकाशावर दिसत नाही, तिथं जाऊन उभं राहावं लागतं. पुढच्या वेळी नगरपालिकेची माणसं टेप घेऊन येतील तेव्हा गल्लीतल्या चार जाणत्यांनी त्यांना एवढंच सांगावं, की खूण मारण्याआधी एकदा आमच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघा.